डाव्या हाताची मेंढी

हे सगळं मी डाव्या हाताने लिहिलंय. एका पानाला तास-दीड तास लागतो. मोबाईलवर बोलून का लिहीत नाही, असं बरेच जण विचारतात. माझी जीभ अजून 'प' आणि 'ब'मध्ये गोंधळ घालते, आणि मोबाईलला आमच्या भागातलं बोलणं तसंही कळत नाही. शिवाय हा हात मी मेहनतीने कमावलाय. त्याला काम दिलंच पाहिजे.

माझं नाव सुमन. वय पंचेचाळीस. हसनाबादजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. 'शिकवते' असं मुद्दाम लिहिलंय. मधे आठ महिने लोक माझ्याबद्दल 'शिकवायच्या', 'चांगल्या होत्या' असं माझ्यासमोरच बोलत होते. हे लिखाण त्यांच्यासाठी नाही. ज्या घरात आत्ता कुणाचं तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय आणि जो तो येऊन हळहळून जातोय, त्या घरासाठी आहे.

खडू

तिसरीच्या वर्गावर होते. फळ्यावर गणितं लिहीत होते आणि खडू हातातून सुटला. वाकून उचलायला गेले, तर बोटं खडूपर्यंत पोचली पण मिटेनात. उभी राहिले आणि फळ्याकडे बघितलं. शेवटची ओळ घसरत घसरत खाली गेली होती, त्यातला एकही आकडा ओळखू येत नव्हता. पोरांना म्हणायचं होतं, "वह्या काढा." तोंडातून निघालं, "उद्या."

पोरं हसली. मी परत बोलायला गेले. परत "उद्या." तिसऱ्यांदा पोरं हसली नाहीत.

शेजारच्या वर्गावरच्या सरांनी आमच्या मालकांना, दिगंबरांना, फोन केला. ते शेतात होते, तसेच चिखलाच्या पायांनी आले. तोवर मला जीपमध्ये बसवलं होतं आणि जीपभोवती अर्धं गाव जमलं होतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "वारं गेलंय हिच्या अंगावरून. तिकडं डोंगराकडं एक जण झाडपाला देतो. आमी गेल्तो की भावाला घेऊन."

"हां, तिकडंच न्या. जल्दी न्या," दोघं-तिघं म्हणाले.

मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. आजारी माणसाच्या घरच्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बोलता येत नाही याचा अर्थ कळत नाही असा नसतो. मला जालन्याला, मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, आणि माझ्याकडे शब्द होता एकच.

"उद्या! उद्या!" मी ओरडले.

"बघा, तीच म्हणून राह्यली उद्या जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

मी डाव्या हाताने दिगंबरांची कॉलर धरली आणि जालन्याच्या रस्त्याच्या बाजूला ओढली. एवढ्या जोरात की वरची दोन बटणं तुटली. लग्नाला बावीस वर्षं झाली, चारचौघांत मी त्यांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "जालन्याला घे. कुणाचं ऐकू नको."

या वादात जो वेळ गेला तो माझ्या उजव्या हातातून गेला, असं मी मानते. तुमच्या घरी अशी वेळ आली तर वाद घालू नका. गाडी काढा.

माझी चूक

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली. मग त्यांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या रोज घेत होत्या का?"

"हो, हो," दिगंबर म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं.

मी मान हलवली. नाही. गोळ्या मी चार महिन्यांपूर्वी मनानेच बंद केल्या होत्या. काही त्रास नव्हता, चक्कर येत नव्हती, मग कशाला रोज गोळी? वर्गात पोरांना स्वच्छतेचे धडे शिकवणारी बाई मी. गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांखाली ठेवत होते.

दिगंबर उठले. बाहेर जाऊन व्हरांड्यात उभे राहिले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

अकरा दिवस

दवाखान्यात सकाळ फार लवकर होते. चादर बदलायची, अंग पुसायचं, बीपी मोजायचं, बोट टोचून साखर बघायची. मग राऊंड. मग भेटायला येणारे. ते खाटेपाशी उभे राहून दिगंबरांशी बोलायचे, माझ्याशी कुणीच नाही. मावशी, चुलत सासरे, शाळेचे लोक. "आता नोकरी कशी व्हायची हिच्याच्यानं?" एकाने विचारलं. मी तिथेच होते, त्याच्या पोटापासून हातभर अंतरावर.

भीती कशाची होती ते सांगते. मरणाची नाही. झोप लागायची वेळ झाली की वाटायचं, उठेन तेव्हा दुसरीही बाजू गेलेली असेल. म्हणून डाव्या हाताची बोटं हलवत राहायचे. हलतायत, हलतायत, असं करत कधीतरी डोळा लागायचा.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंची बहीण रोज सकाळी त्यांची वेणी घालायची. तिसऱ्या दिवशी ती तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आली, काही न विचारता मागे बसली आणि माझे गुंता झालेले केस मोकळे करायला लागली. नाव विचारलं नाही, आजार विचारला नाही. सुट्टी होईपर्यंत रोज वेणी घातली. मला तिचं नाव आजही माहीत नाही.

शबाना

शबाना माझी फिजिओथेरपिस्ट. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पहिल्याच दिवशी मी रडायला लागले, तर म्हणाली, "मॅडम, रडायला बिलकुल परवानगी आहे. पण हात चालू ठेवून रडायचं."

तिने विचारलं, "आज उभं राहायचं ना?"

"उद्या," मी म्हणाले. दुसरं येतच नव्हतं.

"उद्या नाही, आज," असं म्हणून तिने मला उभं केलं. पुढे हे आमचं रोजचंच झालं. ती मुद्दाम विचारायची, मी चिडून तेच म्हणायचे, आणि ती उभं करायची.

तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक गोल दगड ठेवला होता. त्यावर मांजर रंगवलेलं, पाय पोटाशी घेऊन झोपलेलं. एक मिशी लांब, एक आखूड. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"एका पेशंटने केलं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर तुम्ही पण करा. नदीतले गुळगुळीत दगड आणायला सांगा. उजव्या हाताने दगड धरून ठेवायचा, डाव्याने रंगवायचं. आणि जे काढताय त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. हात बी कामाला लागतो, जीभ बी."

चित्रकलेत मी शाळेत असल्यापासून ढ. वर्गात गाय काढली तर पोरं विचारतात, मॅडम, हा कुत्रा का? मी मान हलवून नाही म्हटलं. तिने तो दगड उचलून माझ्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि बोटं एक एक करून मिटली. दगड गार होता. तो गारवा मला जाणवला. त्या हाताला दहा दिवसांत जाणवलेली ती पहिली गोष्ट.

घर

घर दवाखान्यापेक्षा अवघड गेलं. दवाखान्यात सगळेच आजारी असतात.

सासूबाईंनी कुणाकडून तरी कबुतर आणवलं. त्याचं रक्त लुळ्या हातापायाला चोळतात. त्या वाईट नाहीत. मला वाचवायचं म्हणूनच करत होत्या. पण मी भिंतीला धरून उठले, अंगणात गेले आणि डाव्या हाताने टोपलीचं झाकण उघडलं. कबुतर छपरावर जाऊन बसलं. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दिगंबरांचं उलटं. ते फार बोलायला लागले, माझ्या वाटचंही. कुणी विचारलं "चहा घेणार?" की हे म्हणणार, "तिला नको." कुणी विचारलं "बरं वाटतं का?" की हे म्हणणार, "वाटतंय आता." एकदा मी वाटी आपटली. वरण भिंतीवर उडालं.

"अगं, तुला त्रास नको म्हणून करतो मी," ते म्हणाले. डाग निघून गेला तरी ते भिंतीची तीच जागा पुसत राहिले. त्या घरात एकटी मीच घाबरलेली नव्हते, हे मला तेव्हा कळलं. तरी मला चहा हवा होता.

महिनाभराने ते एक फॉर्म घेऊन आले. स्वेच्छानिवृत्तीचा. "नुसता आणून ठेवलाय," म्हणाले. "घाई न्हाई."

मेंढी की डुक्कर

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, सगळी हयात मेंढरांमागे फिरले. आता पंच्याहत्तरी झाली, मेंढरं विकली, पण अजून एका जागी बसवत नाही. दिगंबरांनी त्यांना दगडांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा गिरजा नदीच्या पात्रातून अर्धं पोतं दगड घेऊन आले आणि अंगणात ओतले.

"कशाला पायजेत?" त्यांनी विचारलं.

दिगंबर सांगणार होते. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. मी कागदावर वाकडातिकडा चार पायांचा आकार काढला. आबांना बराबर कळलं.

पहिला दगड वाया गेला. धुतला आणि ओलाच रंगवला. दुसऱ्या दिवशी रंगाचे पापुद्रे निघाले. मग शिकले. दगड धुवायचा, दोन दिवस कडक उन्हात ठेवायचा, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, तो वाळला की पेन्सिलीने आकार काढायचा, मग रंग. ब्रशची दांडी बारीक, बोटांत राहीना, म्हणून तिला चिंधी गुंडाळली. पांढरा हात दिलेले दगड जमिनीला चिकटू नयेत म्हणून खाली कागद लागतो. मी तो निवृत्तीचा फॉर्म अंथरला. दिगंबरांनी बघितलं आणि ते आत गेले.

नव्याने शिकणाऱ्याने कासवापासून सुरुवात करावी. दगडाला पाठ आधीच असते. चौकोन पाडले, डोकं काढलं की झालं. माझी पहिली पाच कासवं अशी की त्यांना पाहून कासवांनीच पाण्यात उडी घेतली असती. पण त्यातही उजव्या हाताला काम होतं. दगड धरून ठेवणं. तो निसटायचा, मी परत धरायचे. एक रेघ, एक निसटणं.

नाव मात्र येत नव्हतं. कासवाकडे बघून मी म्हणायचे, "उद्या." डोळ्यांसमोर शब्द दिसायचा, का, स, व, आणि जिभेवर यायचा नाही. दार उघडं आहे आणि आत जाता येत नाही, असं रोज.

मग मी मेंढी काढायला घेतली. आबांना खूश करायचं होतं. चार दिवस लागले. लोकरीसाठी काडीपेटीच्या काडीने ठिपके दिले, तोंड काळं केलं, कान काढले. पाचव्या दिवशी आबा आले. त्यांनी दगड हातात घेतला, उन्हाकडे धरला, फिरवून फिरवून बघितला.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "डुक्कर काढलंस व्हय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस! मान मोडेस्तोवर बसले होते मी!

"मेंढी!" मी ओरडले.

आत सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबल्याचं ऐकू आलं. दिगंबर गोठ्यातून आले आणि दारात उभे राहिले. मी परत म्हटलं, हळू, खात्री करून घेण्यासाठी. "में-ढी."

आबांनी दगड माझ्यापुढे ठेवला. त्यांचे डोळे भरले होते पण आवाज तसाच खडबडीत. "मंग कान नीट काढ. मेंढीचे कान असे उभे ऱ्हातात का कधी? खाली पडत्यात. आन् तोंड लांब पायजे. पन्नास वर्सं मेंढरं वळली मी, मला शिकिवती."

पुढचे दोन महिने ते एक दिवसाआड यायचे. चित्र काढता त्यांना येत नव्हतं, पण जनावर कुठे चुकलं ते लगेच दिसायचं. "ह्ये बकरू उपाशी हाय, पोट भर त्याचं." "ही म्हैस शिंगानं म्हैस वाटती, डोळ्यानं गाय." प्रत्येक वेळी मी भांडायचे, आणि भांडायचं तर शब्द लागतात. बकरी, म्हैस, शिंग, पोट, कान. 'खोटं' आणि 'गप्प बसा' हे दोन शब्दही याच दिवसांत परत आले.

गल्लीतल्या बायांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. "एवढी शिकलेली बाई अन् दगडावर चितरं काढून राह्यली," एक जण अंगणाबाहेरून म्हणाली. मला ऐकू जावं अशा बेताने. दुसऱ्या दिवशी मी सगळी जनावरं अंगणाच्या भिंतीवर मांडली, तोंडं रस्त्याकडे करून. कासवं, मेंढ्या, वाकडी घुबडं, सगळी. जाता-येता बघा म्हटलं.

अंगठा

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. काठी घेऊन चालत होते. बोलणं सावकाश होतं, पण वाक्यं पुरी होत होती. उजवा हात दगड धरण्यापुरता आला होता. लिहिण्यापुरता अजूनही आलेला नाही. तो येईल असं मी कुणाला सांगत नाही आणि येणार नाही असंही कुणाला म्हणू देत नाही.

रुजू व्हायचे कागद घेऊन आम्ही शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कने जुनी सही काढली, कोऱ्या कागदावर मला सही करायला लावली, आणि मान हलवली.

"जुळत न्हाई मॅडम. कशाला त्रास घेता?" त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा लावा. जल्दी होऊन जाईल."

तो माणूस वाईट नव्हता. खरंच माझा त्रास वाचवत होता. दिगंबरही म्हणाले, "लाव ना. कागद तर निघेल."

मी पॅडकडे बघितलं. माझ्या आईने आयुष्यभर अंगठा लावला. आबा अजून लावतात. आमच्या घरात सही करणारी पहिली मी. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लेकरांना त्यांचं नाव लिहायला शिकवलं.

"मी शि-क्षिका आहे," मी म्हणाले. "अंगठा नाही."

"पण मॅडम, नियमानं..."

"सही बद-लते, असा अर्ज लिहिते. तुमच्यासमोर. कागद द्या."

मागे रांग होती. मी बसले. उजव्या हाताने कागद दाबून धरला, दगड धरायचे तसा. डाव्या हाताने लिहायला लागले. सहा ओळींचा अर्ज. मागचे लोक कुरकुरले, मग एक जण माझ्या खांद्यावरून वाचायला लागला. 'विनंती'मधला दीर्घ 'ती' दोनदा चुकला, दोनदा खोडला. खाली पूर्ण नाव लिहिलं, तीनही शब्द. अक्षर पहिलीतल्या पोराचं, पण माझं.

क्लार्कने अर्ज वाचला, आत साहेबांकडे नेला. आम्ही दीड तास बाकावर बसलो. मग शिक्का बसला. बाहेर आल्यावर दिगंबर बराच वेळ गाडीची किल्लीच शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "चहा घेणार का?"

"हो," मी म्हणाले. "दोन."

काशाबाईंच्या घरी

शाळेत पहिल्या दिवशी हार आणला होता, तो मी टेबलावर ठेवायला सांगितला. हजेरी घेताना पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचं तोंड असं एका बाजूला का झालंय?"

मागच्या पोरांनी तिला चिमटा काढला. मला मात्र बरं वाटलं. आठ महिन्यांत मला सरळ विचारणारी ती पहिलीच. मी सांगितलं. डोक्यात गाठ कशी अडकते, गोळी का बंद करायची नाही, सगळं. दहा मिनिटांचं बोलणं, लागला अर्धा तास. कुणी उठलं नाही.

दारात काशाबाई उभ्या होत्या. त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या.

"मॅडम, आमच्या मालकाला बी ह्येच झालंय. दोन वर्सं झाली. बोलत न्हाईत, भिंतीकडं तोंड करून पडून असत्यात. मी कुणाला सांगत न्हाई."

शाळा सुटल्यावर मी काठी घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले. पिशवीत एक दगड होता, पांढरा हात दिलेला, आणि चिंधी गुंडाळलेला ब्रश. खाटेवर त्यांचे मालक, नामदेव, पडले होते. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचे, अंगापिंडाने दांडगे. मी कोण, मला काय झालं होतं, ते सांगितलं. माझी जीभ अडखळली, तेव्हा त्यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी दगड त्यांच्या चांगल्या हातात दिला.

त्यांनी तो भिरकावला. दगड दाराच्या चौकटीवर आपटून अंगणात गेला. कोंबड्या ओरडत पळाल्या. काशाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मॅडम, राहू द्या. माफ करा त्यांना."

"माफ कशाला?" मी म्हणाले. "हातात जोर बघा केवढा आहे."

मी अंगणात गेले. वाकायला वेळ लागला. दगड उचलला, एका बाजूचा रंग उडाला होता. आत येऊन परत त्यांच्या हातात दिला.

त्यांनी परत फेकला. या वेळी तितक्या लांब नाही.

मी परत गेले, परत वाकले, परत आणला. घाम आला होता. त्यांच्या हातात दगड ठेवला आणि त्यांची बोटं मिटली.

"मला अंधार पडेपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले.

नामदेवांनी माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. हात वर उचलला. आणि मग दगड तसाच धरून खाली घेतला, छातीवर ठेवला. मी ब्रश उशाशी ठेवला आणि काशाबाईंना सांगितलं, उद्या येते.